एका बाजूला ढीग, दुसऱ्या बाजूला खड्डा

शांघायच्या मिन्हांग जिल्ह्यात, दिएनपू नदीच्या काठावर, २००९ साली ‘लोटस रिव्हरसाइड’ नावाचं गृहसंकुल उभं राहत होतं. अकरा इमारती, ६२९ घरं. त्यातली ४८९ घरं विकली गेली होती. सात नंबरची इमारत तेरा मजल्यांची. बाहेरून जवळपास पूर्ण झालेली, पण अजून कुणी राहायला न आलेली. २७ जूनच्या पहाटे ती अख्खी आडवी झाली. हे अचानक घडलं नाही. त्या आधीचा क्रम लावून पाहिला, की काम थांबवायला जे बांधील होते त्यांच्या हातात किती वेळ होता, ते दिसतं.

सहा महिने आधी

संकुलाच्या भूमिगत पार्किंगची खोदाई निघाली. माती इमारतीपासून सुमारे २० मीटरवर टाकली गेली आणि ढीग तीन-चार मीटर उंच झाला. काही बिघडलं नाही. बांधकामावर ‘मागच्या वेळी काही झालं नाही’ हे वाक्य फार घातक असतं, कारण पुढच्या वेळी माती कुठे आणि किती टाकायची याचा हिशेब कुणी मागत नाही.

२० जून: सात दिवस आधी

इमारतीच्या दक्षिणेला, अगदी लगत, पार्किंगचा दुसरा खड्डा खणायला सुरुवात झाली. निघालेली माती या वेळी उत्तरेला, थेट इमारतीला खेटून टाकली जाऊ लागली. पुढे भराव आणि बागेसाठी ती जागच्या जागी मिळणार होती. खोदाईचं काम कुणाला दिलं होतं? ज्याच्याकडे ना कंपनी होती, ना अशा कामाचा परवाना, अशा माणसाला. तोही विकासकाच्या बाजूनेच ठरवलेला. देखरेखीसाठी नेमलेल्या अभियंत्याने आक्षेप घेतला होता, पण काम थांबवलं नाही. ज्याची सहीच काम रोखण्यासाठी असते, त्याने नुसती नापसंती नोंदवली तर त्या सहीचा रहिवाशांना काय उपयोग?

२० ते २६ जून: सहा दिवस

सहा दिवसांत ढीग सुमारे दहा मीटर झाला, म्हणजे तीन मजल्यांएवढा. एक घनमीटर ओली माती साधारण पावणेदोन ते दोन टन भरते. म्हणजे त्या ढिगाखालच्या प्रत्येक चौरस मीटर जमिनीवर सतरा-अठरा टनांच्या पुढे भार आला.

शांघायची जमीन म्हणजे यांगत्से नदीने आणून टाकलेला मऊ, पाणथळ गाळ. अशा चिकणमातीवर भार हळूहळू चढवला तर आतलं पाणी निचरून जातं आणि माती घट्ट होत जाते. घाईने चढवला तर पाण्याला वाट मिळत नाही. भार वाढतो, ताकद वाढत नाही, आणि माती जिकडे मोकळीक असेल तिकडे सरकू लागते. दक्षिणेला मोकळीक होतीच: ४.६ मीटर खोल खड्डा.

२६ जून, दुपार

नदीकाठच्या पूरसंरक्षक भिंतीचा सत्तर-ऐंशी मीटरचा पट्टा खचला. भिंत उत्तरेला, इमारत दक्षिणेला, ढीग दोघांच्या मध्ये. जी माती नदीकडची भिंत लोटू शकते, ती मागे वळून इमारतीलाही लोटत असणार, हे ओळखायला संगणक लागत नाही. भिंतीच्या दुरुस्तीची धावपळ झाली. ढीग मात्र इमारतीमागे उभाच होता.

जमिनीने दिलेली ही सर्वांत मोठी सूचना होती. तिथून पुढचा प्रत्येक तास बांधकाम थांबवण्याचा, माणसं बाहेर काढण्याचा आणि माती हटवण्याचा होता.

२६ जूनची रात्र

इमारत पोकळ, गोल काँक्रीट पाइलांवर उभी होती. पाइल वरून येणारं वजन खोलवरच्या थरापर्यंत पोचवतात. त्या कामासाठी ते उत्तम. पण बाजूने ढकललं की ते वाकतात, आणि पोकळ पाइलाला फार वाकणं सोसत नाही. तपासात पुढे निष्पन्न झालं, की मातीचा आडवा जोर सुमारे ३००० टनांचा होता आणि त्याने इमारत दहा सेंटीमीटरच्या आसपास सरकली होती. एवढं सरकणंही पाइलांना पेलवणारं नव्हतं.

२७ जून, पहाटे साडेपाचच्या सुमारास

जूनमध्ये शांघायला या वेळी लख्ख उजाडलेलं असतं. पाइल तुटले आणि इमारत दक्षिणेकडे, खड्ड्याच्या बाजूला, जवळपास अखंड कोसळली. एक कामगार मृत्युमुखी पडला. आजूबाजूच्या रहिवाशांना घरं सोडावी लागली. काही महिन्यांनी तिथे कुटुंबं राहायला आली असती.

३ जुलै: सहा दिवसांनंतर

चौदा तज्ज्ञांच्या पथकाचे निष्कर्ष जाहीर झाले. जमिनीचा तपासणी अहवाल नियमांनुसार होता. संरचनेचं डिझाइन नियमांनुसार होतं. पाइलांचा दर्जाही योग्य होता. इमारत पाडली ती एका बाजूच्या ढिगाने आणि दुसऱ्या बाजूच्या खड्ड्याने.

मला या अहवालातली हीच गोष्ट सर्वांत गंभीर वाटते. प्रत्येक कागद बरोबर होता. चूक कागदांच्या मधल्या जागेत होती, जिथे डिझाइनर म्हणतो माती माझी नाही, ठेकेदार म्हणतो इमारत माझी नाही आणि विकासक म्हणतो हे सगळं मी वाटून दिलं आहे.

११ फेब्रुवारी २०१०

न्यायालयाने सहा जणांना तीन ते पाच वर्षांची शिक्षा सुनावली. त्यात विकासकाचा आणि बांधकाम कंपनीचा माणूस होता, खोदाईवाला होता, देखरेखीचा अभियंताही होता. ज्याचं नाव प्रकल्प व्यवस्थापक म्हणून फक्त कागदावर होतं आणि ज्याने ते काम प्रत्यक्षात केलंच नव्हतं, तोही सुटला नाही.

पुणे, २९ जून २०१९, मध्यरात्रीनंतर

दहा वर्षं आणि दोन दिवसांनी कोंढव्यात एका गृहसंकुलाची संरक्षक भिंत शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली. पावसाळी रात्र, भिंतीलगत खोदाई, पायथ्याशी झोपलेली बिहारकडची कुटुंबं. पंधरा जण गेले. जमिनीचं गणित इथेही तेच होतं: वर भार, खाली खड्डा आणि मध्ये माणसं.

आज

चीनमध्ये २००० सालापासून असलेल्या बांधकाम गुणवत्ता नियमांनुसार पाया आणि मुख्य सांगाडा यांची हमी इमारतीच्या अपेक्षित आयुष्यभर असते. फ्रान्समध्ये इमारतीच्या मजबुतीला बाधा आणणाऱ्या दोषांसाठी दहा वर्षं जबाबदारी असते. आपल्या रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत संरचनेतला दोष निदर्शनास आणला, तर बिल्डरने तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा, नाहीतर भरपाई द्यायची. रंग, नळ आणि फरशीसाठी पाच वर्षं पुष्कळ झाली. पायासाठी ती फार कमी आहेत. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडची तारिक गार्डन ही इमारत कोसळून सोळा जण दगावले. ती बांधून दहा वर्षंही झाली नव्हती, पण पाच वर्षांची मुदत उलटून गेली होती. गृहकर्ज वीस वर्षं फेडणाऱ्या कुटुंबाला पायाची हमी त्याच्या चौथाईइतकीच का?

पाया आणि सांगाड्याची जबाबदारी इमारतीच्या आयुष्याएवढी हवी. ती खोदाईच्या उपठेकेदारावर ढकलता येणार नाही, असं करारातच स्पष्ट असायला हवं. चालू बांधकामालगतच्या खोदाईची मोजमापं, म्हणजे भिंत किती सरकली, जमीन किती खचली, ती रोज साइटवर लावली पाहिजेत. ठरलेली मर्यादा ओलांडताच काम थांबवण्याचा अधिकार देखरेखीच्या अभियंत्याला हवा, आणि तो न वापरल्यास शिक्षाही त्यालाच व्हायला हवी. घर घेणाऱ्यांनीही सॅम्पल फ्लॅट पाहण्याआधी जमिनीचा तपासणी अहवाल मागावा आणि शेजारची खोदाई कोण करतंय ते विचारावं. जमिनीसकट घराची हमी देणाऱ्यालाच घर विकण्याचा अधिकार असला पाहिजे.