स्वयंचलित पायदान : विद्युत जोडणी

खडकाळ वाटांवरच्या उंच गाडीत चढण्या-उतरण्यासाठी दाराखाली बसवलेली, मोटरने उघडमीट होणारी पायरी. दार उघडताच ती खाली येते. दार लागल्यावर काही क्षणांत आत जाते. अमेरिकेत जीप रँग्लर आणि पिकअप गाड्यांवर ती विशेष आढळते.

जोडणीचा कणा म्हणजे नियंत्रक. त्याला १२ व्होल्टच्या बॅटरीतून जाड वायरने थेट वीज देतात. फ्यूज बॅटरीच्या धन अग्रालगतच हवा. दूर असला, तर मधली वायर घासून चेसिसला टेकल्यास आग लागू शकते, आणि ही चूक अक्षम्यच म्हणावी लागेल. दार उघडल्याचा संकेत दोन प्रकारे मिळतो : दाराच्या स्विचच्या वायरवरून, किंवा अमेरिकेत १९९६ पासून सक्तीच्या झालेल्या ओबीडी-२ या निदान-खोबणीतून. खोबणी वापरली की मूळ वायर कापावी लागत नाही, म्हणून शक्य तिथे तीच पत्करावी. अडथळा आला की मोटरचा प्रवाह वाढतो. तो ओळखून नियंत्रक मोटर थांबवतो.

खरी कसोटी चिखलपाण्याची. सांधे डाखून त्यांवर उष्णतेने आकसणारी नळी चढवतात. वायरी सायलेन्सर आणि पायदानाच्या फिरत्या भुजांपासून दूर बांधतात; पत्र्यातून नेताना रबरी ग्रोमेट घालतात.

खडकांमध्ये दार उघडल्यास पायदान दगडावर आपटते. त्यासाठी ते बंद ठेवणारा वेगळा स्विच चालकाच्या हाताशी असावा.