जुनी पिकअप सतत 'मिसिंग' मारतेय? मोबाईल आणि ओबीडी स्कॅनरने नेमका दोष असा शोधा

आमच्या काकांची पेट्रोल-सीएनजी पिकअप दिंडोरीहून टोमॅटोचे क्रेट भरून पंचवटीच्या मार्केट यार्डात जाते. गेल्या वर्षी तिने चार महिने मिसिंग मारलं. दोन गॅरेजमध्ये प्लग बदलले, कॉइल बदलली, तरी फरक नाही. शेवटी "इंजिन उतरवावं लागेल" असं सांगण्यात आलं. हंगामात गाडी आठ-दहा दिवस उभी राहणं काकांना परवडणारं नव्हतं. म्हणून आम्ही मोबाईल घेऊन एकेक शक्यता तपासत गेलो. तीच पद्धत आज आपण पाहणार आहोत.

मिसफायर म्हणजे काय?

सिलिंडरमध्ये हवा-इंधनाचं मिश्रण नीट पेटलंच नाही, तर त्याला मिसफायर म्हणतात. गॅरेजच्या भाषेत 'मिसिंग'. चार स्ट्रोकच्या इंजिनात ३००० आरपीएमला प्रत्येक सिलिंडर सेकंदाला २५ वेळा पेटतो. एखादा ठोका चुकला की क्रँकशाफ्टचा वेग क्षणभर कमी होतो. क्रँक सेन्सर ते टिपतो आणि ईसीयू 'चेक इंजिन' लाईट लावतो.

लाईट नुसती लागून राहिली तर लवकर तपासा. पण ती लुकलुकत असेल तर लगेच रेस कमी करा आणि लोड घेऊन घाट चढू नका. न जळलेलं इंधन सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, आणि तो खराब झाला तर खर्च मोठा येतो.

काय लागेल?

ब्लूटूथ ओबीडी-२ अ‍ॅडाप्टर आणि 'टॉर्क' किंवा 'कार स्कॅनर'सारखं अ‍ॅप. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ लागू झालं. त्यानंतरच्या पेट्रोल-सीएनजी गाड्यांत स्टिअरिंगखाली १६ पिनचा सॉकेट मिळतो. आयफोन असेल तर साधं ब्लूटूथ अ‍ॅडाप्टर चालत नाही, वायफाय किंवा ब्लूटूथ एलई असलेलं घ्या.

पायरी १: कोड वाचा, पण लगेच पुसू नका

पी०३०० म्हणजे मिसफायर एका ठराविक सिलिंडरपुरता नाही. पी०३०१ ते पी०३०४ मधला शेवटचा आकडा सिलिंडरचा नंबर सांगतो. आम्हाला पी०३०२ मिळाला, म्हणजे दुसरा सिलिंडर.

सोबत 'फ्रीझ फ्रेम' नक्की बघा. कोड आला त्या क्षणी इंजिन किती गरम होतं, आरपीएम किती होता, हे त्यात असतं. कोड पुसला की ही माहितीही जाते, म्हणून आधी स्क्रीनशॉट काढा. आमच्या स्क्रीनशॉटमध्ये तापमान ९२ अंश आणि आरपीएम ७८० होता. म्हणजे त्रास गरम इंजिनात, आयडलिंगला होता.

पायरी २: इंधन बदलून बघा

सीएनजी-पेट्रोल गाडीत ही फुकटची टेस्ट आहे. फक्त सीएनजीवर मिसिंग असेल तर गॅसचे इंजेक्टर, फिल्टर किंवा रेग्युलेटर तपासा. फक्त पेट्रोलवर असेल तर पेट्रोलचा इंजेक्टर किंवा पंप. आमच्याकडे दोन्हींवर सारखंच होतं. म्हणजे इंधनाची बाजू जवळपास बाद.

पायरी ३: अदलाबदल करा

इंजिन बंद आणि थंड असताना दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्याला लावा, कोड पुसा आणि गाडी चालवा. कोड पी०३०३ झाला तर कॉइल खराब. तसाच राहिला तर कॉइल ठीक. मग प्लगचंही तेच करा. नवीन पार्ट विकत घेण्याआधी हे केलंत तर पैसे वाचतात. आमचा कोड दोन्ही वेळा पी०३०२ च राहिला.

चालू इंजिनवर कॉइल उपसू नका, जोराचा शॉक बसतो. गॅसचा वास आला तर सीएनजीचा व्हॉल्व्ह बंद करून थेट मेकॅनिककडे जा.

पायरी ४: कॉम्प्रेशन टेस्ट

हे मात्र मेकॅनिककडूनच करून घ्या. इंधन आणि स्पार्क बंद करून, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारतात. आमच्या तीन सिलिंडरांत १७० पीएसआयच्या आसपास प्रेशर आलं, दुसऱ्यात फक्त ११५.

मग त्यात थोडं ऑइल टाकून पुन्हा मोजायचं. प्रेशर चांगलं वाढलं तर पिस्टन रिंग झिजल्यात. फारसं वाढलं नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. शेजारशेजारचे दोन सिलिंडर कमी असतील तर गॅस्केटचा संशय जास्त. आमचं जेमतेम १२० झालं आणि शेजारचे दोन्ही ठीक होते. म्हणजे व्हॉल्व्ह.

मग निघालं काय?

टॅपेट कव्हर उघडल्यावर दुसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा गॅप जवळजवळ शून्य होता. सीएनजी कोरडं इंधन आहे. त्यावर गाडी जास्त चालली की व्हॉल्व्ह सीट हळूहळू झिजते, व्हॉल्व्ह आत बसत जातो आणि गॅप संपतो. गरम झाल्यावर व्हॉल्व्ह लांबतो, पूर्ण बंद होत नाही आणि प्रेशर निसटतं. आयडलिंगला ते निसटायला जास्त वेळ मिळतो, म्हणून मिसिंग तिथेच जाणवायचं.

फिलर गेजने गॅप कंपनीच्या मापाला सेट केला. प्रेशर १६० वर आलं, कोड पुन्हा आला नाही आणि इंजिन उतरवावं लागलं नाही. सीट जास्त झिजली असती, तर मात्र हेड उतरवावंच लागलं असतं.

लक्षात ठेवा

- गाडी सीएनजीवर चालत असेल आणि इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट नसतील, तर मॅन्युअलमध्ये दिलेल्या किलोमीटरला टॅपेट गॅप तपासून घ्या.
- पावसाळ्यात मिसिंग सुरू झालं तर आधी प्लगच्या खड्ड्यात पाणी आहे का बघा.
- डिझेल पिकअपला स्पार्क प्लग नसतात. तिथे इंजेक्टर, डिझेल फिल्टर आणि लाईनमध्ये शिरलेली हवा तपासा.
- पी०३०२ म्हणजे 'दुसरी कॉइल बदला' असं नाही. कोड फक्त जागा सांगतो, कारण आपल्याला शोधावं लागतं.