शांबरिक खरोलिका : काचेवरची हालती चित्रे

वर्गात कधी कधी मी पुठ्ठ्याची एक चकती घेऊन जातो. एका बाजूस पिंजरा, दुसऱ्या बाजूस पोपट. दोन्ही कडांना दोरा. पीळ देऊन सोडली की पोपट पिंजऱ्यात जाऊन बसतो. आमच्या नेरची भ्रमणध्वनीत बुडालेली मुलेही क्षणभर माना वर करतात. १८२० च्या दशकात युरोपात हे खेळणे ‘थॉमॅट्रोप’ नावाने विकले जाई. १८३२ मध्ये बेल्जियमच्या जोसेफ प्लेटो यांनी फटींची चकती आरशासमोर फिरवून चित्र चालते केले. दिवाणखान्याची शोभा आणि दृष्टिशास्त्राचा धडा, अशी दोन्ही कामे ही खेळणी एकाच वेळी करीत.

आपल्याकडचे उदाहरण मात्र कल्याणचे आहे. महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ लोकांपुढे आणली. मायावी शंबरासुराचे नाव या दीपाला देण्यात केवढी रसिकता आहे! काचांवर हातांनी रंगवलेल्या आकृती, एकाच आकृतीच्या लागोपाठच्या अवस्था, त्या दीपांतून झरझर पडद्यावर टाकायच्या; पुराणकथांतली पात्रे हलू लागत. विशेष म्हणजे त्याच वर्षी, २८ ऑक्टोबरला, पॅरिसमध्ये एमिल रेनो आपली हातांनी रंगवलेली चलच्चित्रे दाखवीत होता. ल्युमिएर बंधूंचे खेळ मुंबईच्या वॉटसन हॉटेलात झाले ते ७ जुलै १८९६ रोजी.

म्हणून पटवर्धनांना ‘पहिले चित्रपटकार’ म्हणण्याचा मोह होतो. मला तो पटत नाही. त्यांच्याजवळ चित्रफीत नव्हती, कॅमेराही नव्हता. होता तो कुंचला. सिनेमाची पूर्वतयारी म्हणून त्यांच्याकडे पाहिले की त्या काचांवरचे रंग, रेषा आणि एकेका आकृतीमागची मेहनत दुय्यम ठरते. रेनोचेही असेच झाले. सिनेमाने त्याला मागे टाकले, आणि अखेरीस आपल्या बहुतेक चित्रपट्ट्या त्याने सीन नदीत फेकून दिल्या.

खेळणे आणि धडा यांचे नाते फाळके विसरले नव्हते. पूर्ण लांबीच्या कथापटाआधी, १९१२ च्या सुमारास, त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ थोड्या थोड्या अंतराने टिपली, आणि दिवसांचा प्रवास क्षणांत आणला. ‘आगकाड्यांची मौज’ (१९१५) मध्ये तर साध्या काड्या नाचल्या. आमच्या वर्गात हे सांगितले की एखादा विद्यार्थी वहीच्या कोपऱ्यात धावणारा माणूस काढू लागतो. मी त्याला थांबवत नाही.