पदपथ आणि न्यायासन

रत्नागिरीजवळील पालीवरून जाणारा हमरस्ता मुंबईस मिळतो. त्या वाटेने पोटासाठी शहर गाठणे ही कोकणची जुनीच रीत. आणि कोकणातल्याच आंबेतचे बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असता, १३ जुलै १९८१ रोजी, पदपथांवरील रहिवाशांना हटवून गावोगाव परत धाडण्याची घोषणा झाली. तीही ऐन पावसाळ्यात!

न्यायालयाकडे धाव घेणाऱ्यांत संगमनेरकडील एक जोडे शिवणारा होता. गावचे घर पडले, म्हणून तो मुंबईस आला आणि महिना ३५० रुपयांवर बदली कामगार झाला. तुळशीवाडीच्या पदपथावरील जागेसाठी त्याने गुंडास ३०० रुपये मोजले. बांबू व प्लास्टिकला आणखी ७०० लागले. ज्याला फुकट राहणारा म्हणावे, त्याची जवळजवळ तीन महिन्यांची कमाई त्या छपरातच गेली होती.

पत्रकार ओल्गा टेलिस यांनीही अर्ज केला होता. १० जुलै १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या वतीने सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांनी निर्णय दिला. जीविताच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, हे त्यात निःसंदिग्धपणे मान्य झाले. पण राज्यघटनेचे ४१ वे कलम कामाचा हक्क आर्थिक कुवतीच्या मर्यादेत देते. सरकारला रोजगार पुरविण्यास भाग पाडता येणार नाही. मात्र आहे ती उपजीविका न्याय्य रीतीवाचून हिरावता येणार नाही, असा भेद न्यायालयाने केला.

याच न्यायालयात १९८० साली रतलामच्या नगरपालिकेने गटारांसाठी पैसा नसल्याची सबब पुढे केली होती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ती साफ नाकारली. मग मुंबईत हात आखडता का घेतला गेला? रतलामला कायदा नगरपालिकेस बांधावयास सांगत होता. मुंबईत १८८८ च्या कायद्याचे ३१४ वे कलम पदपथ मोकळे करण्याचा अधिकार देत होते. न्यायालयाने ते कलम वैध ठरविले. नोटीस सामान्यतः द्यावीच, असेही सांगितले; परंतु या अर्जदारांचे म्हणणे न्यायासनासमोरच ऐकले गेले, तेव्हा निराळ्या सुनावणीची गरज उरली नाही!

१९७६ च्या गणनेची ओळखपत्रे असणाऱ्यांना मालवणी किंवा अन्यत्र जागा द्यावी, असे ठरले. पण आधी जागा, मग पाडापाडी, अशी अट मात्र घातली नाही. पदपथांवरील झोपड्यांना ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, म्हणजे पावसाळा सरल्यानंतर एक महिन्यापर्यंत, अभय मिळाले.