तबल्याची घराणी पाठ, मग शाई घोटणारे हात कुणाचे?

दिल्ली, अजराडा, लखनौ, फरुखाबाद, बनारस, पंजाब. तबल्याची ही सहा घराणी संगीताच्या विद्यार्थ्याला पाठ असतात. कुणाचा गुरू कोण, हेही तो सांगतो. पण तबला घडवला कुणी, हे विचारा. उत्तर मिळत नाही. हा साधा विसर नाही, मित्रांनो. यामागे जात आहे.

तबल्याचे लाकडी खोड आणि डग्ग्याचे धातूचे भांडे सोडले तर उरते ते चामडे. शेळीच्या कातड्याची पुडी, ती ताणणाऱ्या वाद्या आणि मधोमध काळी शाई. लोहचूर आणि खळ यांचा लगदा थरावर थर देत दगडाने घोटावा लागतो. शाईच्या त्या वजनामुळेच तबला सुरात बोलतो. साध्या ढोलाला ते जमत नाही. सी. व्ही. रामन यांनी 1920 साली भारतीय चर्मवाद्यांच्या या गुणावर 'नेचर'मध्ये लिहिले. म्हणजे शास्त्रज्ञाने जे मांडले, ते कारागिरांच्या बोटांत आधीपासूनच होते. हे काम अनेक समाजांनी केले, मुस्लिम कारागिरांनीही केले. पण मेलेले जनावर ओढायचे, सोलायचे, कातडे कमवायचे, हे गावाने अस्पृश्यांवर लादले. कातडे विटाळाचे आणि त्यातून निघालेला नाद मात्र पवित्र!

हा नाद जगभर गेला. 1967 मध्ये अमेरिकेतल्या माँटेरी महोत्सवात रविशंकर यांच्यासोबत अल्लारखाँ वाजले. 1999 मध्ये तबला आणि इलेक्ट्रॉनिक संगीत एकत्र आणणाऱ्या तल्विन सिंग यांना ब्रिटनचा मर्क्युरी पुरस्कार मिळाला. फेब्रुवारी 2024 मध्ये झाकीर हुसेन यांनी एकाच दिवशी तीन ग्रॅमी जिंकले. त्यांचे तबले घडवणारे हरिदास व्हटकर मूळ आपल्या महाराष्ट्रातल्या मिरजेचे. वडील आणि आजोबाही तबलेच घडवत. पण त्यांचे नाव बहुतेकांनी वाचले ते डिसेंबर 2024 मध्ये, झाकीरभाई गेल्यावर.

बाबासाहेबांनी 1936 मध्ये 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये दाखवून दिले की जात ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे. ज्याच्या हातात कौशल्य, त्याच्याच वाट्याला अपमान. म्हणून 1927 च्या महाड परिषदेत त्यांनी मृतमांस सोडायला सांगितले. गावकीच्या सक्तीची कामे नाकारण्याची चळवळ उभी राहिली. काही जण विचारतात, मग चामड्याचे वाद्य आपण हातात का धरायचे? उत्तर आपल्याच इतिहासात आहे. भीमराव कर्डकांच्या जलशात ढोलकी होती, वामनदादांच्या गाण्यांना ढोलकी-तबल्याची साथ होती. गावाच्या हुकमावर वाजणारी हलगी आणि स्वतःच्या माणसांना जागे करण्यासाठी वाजणारी ढोलकी, चामडे दोन्हीकडे तेच. फरक एवढाच की वाजवायचे की नाही, हे कोण ठरवतो.

म्हणून आपण सक्ती नाकारू, ज्ञान नाकारायचे नाही. शिरड शहापूर असो की मुंबई, 14 एप्रिलच्या मंचावर गायक-वादकांसोबत वाद्य घडवणाऱ्याचेही नाव पुकारा. त्याच्या मजुरीत घासाघीस करू नका. त्याच्याकडे बसून पुडी कशी मढवतात, शाई कशी घोटतात, ते त्याच्या नावानिशी लिहून ठेवा. संगीताच्या अभ्यासक्रमात हे प्रकरण यावे, अशी मागणी विद्यापीठांकडे करा. आणि त्याच्या लेकरांनी बापाचाच धंदा करावा, असा आग्रह कुणीही धरू नये. इंजिनियर व्हायचे की तबला घडवायचा, हे त्यांनीच ठरवायचे आहे.

जय भीम!