मेस्ताची पेटी

केरीच्या वाळूवर उभे राहिले की खाडीपलीकडे तेरेखोलचा किल्ला दिसतो. या पेडणे महालावर पोर्तुगीजांचा अंमल १७८८ साली बसला. त्यापूर्वी येथे सावंतवाडीकर भोसल्यांची सत्ता होती. म्हणून सतराव्या शतकात जुन्या काबिजादींत नावारूपास आलेल्या 'कोंतादोर' पेट्यांचे यश केरीच्या पदरी घालता येत नाही.

कोंतादोर म्हणजे अनेक खणांची पेटी. कागदपत्रे, लेखनसाहित्य, मौल्यवान जिन्नस तीत ठेवीत. सांगाडा सागवानी, दर्शनी अंगावर आबनुसाचा पातळ पापुद्रा आणि हस्तिदंताची जडण. नुसत्या सरसावर विसंबल्यास आपल्या पावसाळ्यात पापुद्रा सुटावयाचाच. म्हणून कित्येक पेट्यांत बारीक खिळेही मारलेले आढळतात, आणि त्यांची डोकीच नक्षी होऊन बसतात!

असे नग आज लंडन-लिस्बनच्या संग्रहालयांत आहेत. पाटीवर 'गोवा' असते, मेस्ताचे नाव बहुधा नसते. ज्या पेटीत त्याचे वाकस, पटाशी, रंधा राहत, ती तर आमच्या पाहण्यातही नाही. केरीत कोणाच्या माळ्यावर फणसाच्या फळ्यांची अशी साधी पेटी निघाली, तर जळणात घालण्यापूर्वी तिचे सांधे आणि आतील हत्यारांची मांडणी तेवढी टिपून ठेवावी.