गर्दीत तारेचा आवाज ऐकू कसा येतो? तुणतुणे, गिटार आणि बेंजो यांचा इतिहास

१. पूर्णा हे गोदावरीच्या खोऱ्यातील मनमाड–सिकंदराबाद मार्गावरचे जंक्शन; अकोल्याकडे जाणारा फाटा येथूनच फुटतो. अशा गावात एप्रिलमधील जयंतीची मिरवणूक असो वा गणेशोत्सवातील ऑर्केस्ट्रा, एक जुना प्रश्न दरवेळी नव्याने उभा राहतो. ढोलाच्या गजरात बारीक तारेचे वाद्य बुडते का, आणि जाणता वादक ते तरते कसे ठेवतो? आजचा धागा या प्रश्नाच्या इतिहासाविषयी.

२. आरंभ घरापासून करू. तमाशाच्या फडात ढोलकीचा ठेका आणि हलगीचा कडकडाट यांच्याशेजारी तुणतुणे असते. एक पोकळ नळकांडे, खाली मढवलेले कातडे, एक दांडी आणि एकच तार. ताकदीचा विचार केला तर ढोलकीपुढे त्याचा टिकाव लागू नये. तरीही ध्वनिवर्धक नसलेल्या शतकांत ते शाहिराच्या पाठीशी टिकून राहिले.

३. याचे कारण त्याच्या जागेत आहे. ढोलकीचा घुमारा खालच्या पट्टीत, शाहिराचा गळा मध्यावर आणि तुणतुण्याची तार उंच स्वरात. ते ढोलकीशी स्पर्धा करीत नाही; अखंड एकच स्वर धरून गायकाला आधार देते. मागे उभे राहून उंच सुरात झील धरणारे साथीदारही हेच करतात: जी जागा रिकामी आहे, ती भरतात.

४. आता अमेरिकेकडे वळू. १९३० च्या दशकात तेथील जाझ वाद्यवृंदांत ट्रम्पेट, ट्रॉम्बोन आणि सॅक्सोफोन यांच्या रांगा असत. त्यांच्यासमोर साध्या लाकडी गिटारची गत तुणतुण्यासारखीच होती. या अडचणीतून दोन वादकांनी दोन निरनिराळ्या वाटा काढल्या.

५. पहिला फ्रेडी ग्रीन. १९३७ मध्ये तो काउंट बेसीच्या वाद्यवृंदात आला आणि १९८७ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे सुमारे अर्धशतक, तेथेच राहिला. त्याने विजेची गिटार जवळ केली नाही. प्रत्येक मात्रेवर एक आखूड आघात, तोही बहुधा मधल्या तारांवरचे मोजके स्वर. त्याची गिटार वेगळी ऐकू येण्याऐवजी ढोल आणि बास यांच्या लयीत मिसळून जाई. ती काढून घेतली असती, तर वाद्यवृंदाचा कणाच मोडला असता.

६. दुसरा चार्ली ख्रिश्चन. १९३९ मध्ये तो बेनी गुडमनच्या संचात दाखल झाला, तो गिब्सन कंपनीची विजेची गिटार घेऊन. आता गिटार सॅक्सोफोनप्रमाणे एकेका स्वराची सुरावट वाजवू शकत होती. १९४२ मध्ये अवघ्या २५ व्या वर्षी तो क्षयाने गेला. पण गिटारला मागच्या रांगेतून पुढे आणण्याचे काम तोवर झाले होते.

७. हे घडले पिकअपमुळे. चुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे असते. वर पोलादी तार कंप पावली की वेटोळ्यात सूक्ष्म वीजप्रवाह निर्माण होतो आणि ॲम्प्लिफायर तो मोठा करतो. १९३० च्या दशकारंभी रिकनबॅकरने बाजारात आणलेली अशी पहिली गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयन धाटणीची होती.

८. मात्र आवाज मोठा करता येऊ लागताच नवा पेच पडला. १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी दाखवून दिले की, मंद आवाजात मानवी कानाला खर्जातले स्वर फार कमी ऐकू येतात. आवाज वाढला की तेच स्वर झपाट्याने पुढे येतात. म्हणून घरात एकट्याने, हलक्या आवाजात बसवलेली खर्जयुक्त गोड गिटार मंचावर घुमू लागते.

९. आकडे पाहा. गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंप पावते, बास गिटारची ४१ वेळा. गिटारचा खर्ज वाढवला की तो बास आणि ढोल यांच्या अंगणात शिरतो. कान सर्वाधिक तीक्ष्ण असतो तो दोन ते पाच हजार कंपनांच्या टापूत. गायकाच्या शब्दांची स्पष्टताही बरीचशी याच टापूतून येते. म्हणून जाणता गिटारवादक खर्ज कमी करतो, मधला पट्टा राखतो आणि गायक गात असताना हात आखडता घेतो.

१०. केवळ शक्ती पुरत नाही, याचा पुरावा १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये मिळाला. बीटल्सपुढे ५५ हजारांहून अधिक श्रोते होते. या दौऱ्यासाठी १०० वॉटचे ॲम्प्लिफायर आणले होते. तरी किंकाळ्यांच्या कल्लोळात वादकांना स्वतःचे वादन धड ऐकू येईना. मंचावर वादकांसाठी वेगळे स्पीकर ठेवण्याची पद्धत तेव्हा रूढ झालेली नव्हती.

११. आता आपल्या मिरवणुकीकडे परत येऊ. १९१२ मध्ये जपानच्या नागोया शहरात गोरो मोरिता याने टाइपरायटरसारख्या कळा असलेले तंतुवाद्य तयार केले: ताइशोगोतो. ते भारतात येऊन ‘बुलबुल तरंग’ झाले, बलुचिस्तानात ‘बेंजू’ झाले आणि महाराष्ट्रात पिकअप बसवल्यावर ‘बेंजो’ म्हणून रस्त्यावर उतरले. अमेरिकी बँजोशी त्याचे नाते नावापुरतेच.

१२. बेंजोची तार ढोलापेक्षा बलवान नाही. पण नखीचा धातूसारखा आघात ढोलाच्या खर्जाच्या वर, कानाच्या तीक्ष्ण टापूत पडतो. म्हणून ओळखीच्या गाण्याची चाल शंभर पावलांवरूनही कळते. तुणतुण्याची युक्तीच येथे विजेच्या साहाय्याने पुन्हा अवतरली. २०१६ मध्ये रवी जाधव यांनी ‘बँजो’ हा हिंदी चित्रपट केला, तो याच वादकांच्या जगावर.

१३. आज या वादकांसमोर डीजेच्या भिंती उभ्या आहेत. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. भिंतीचा आवाज तिच्या कितीतरी पुढे जातो. त्या भिंतीपुढे कोणतेही वाद्य ‘जागा शोधू’ शकत नाही, कारण तेथे जागा उरतच नाही. हरवते ते केवळ वाद्य नव्हे. एकमेकांचे ऐकून वाजवणाऱ्या माणसांची रोजीरोटी आणि त्यांची विद्याही हरवते.

१४. तेव्हा मंचावर आपली गिटार ऐकू येत नसेल, तर आवाजाची कळ फिरवण्याआधी शेजारी कोण काय वाजवीत आहे ते ऐकावे. तुणतुणेवाल्याने, फ्रेडी ग्रीनने आणि बेंजोवाल्यानेही तेच केले.

धागा येथे संपतो. आपल्या गावात बेंजो किंवा तुणतुणे वाजवणारे कोणी असतील, तर त्यांचे वादन ध्वनिमुद्रित करून ठेवा. उद्याच्या इतिहासाचे ते साधन आहे.